सरपंच मोठा की ग्रामसभा? गडचिरोलीच्या मेंढा गावाने दिलेलं उत्तर समजून घ्या

नागपूरच्या सदरमधून सिव्हिल लाइन्सकडे निघालं की काही मिनिटांत वनभवन लागतं. हे महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय. राज्यभरातल्या जंगलाचा कारभार इथून चालतो. इथून साधारण २०० किलोमीटरवर, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा नावाचं जेमतेम शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव आहे. लेखा गावाच्या ग्रामपंचायतीत येतं, म्हणून त्याला ‘मेंढा (लेखा)’ म्हणतात.

२७ एप्रिल २०११ रोजी या छोट्या गावात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. त्यांनी गावाला काय दिलं? एक पुस्तक. बांबूच्या वाहतुकीचे परवाने फाडायचं पुस्तक. तोपर्यंत जंगलातला बांबू बाहेर न्यायचा तर परवान्यावर सही वनअधिकाऱ्याची लागायची. त्या दिवसापासून ती सही मेंढ्याची ग्रामसभा करू लागली. देशात पहिल्यांदाच एखाद्या ग्रामसभेच्या हाती हा अधिकार आला होता.

लक्ष द्या, हे पुस्तक सरपंचाला मिळालं नाही, ग्रामपंचायतीलाही नाही. ते ग्रामसभेला मिळालं. हा फरक काय आहे, आणि एका गावाने तो इतका मनावर का घेतला?

ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी

बहुतेकांना हे दोन्ही शब्द सारखेच वाटतात. पण त्यात मोठा फरक आहे.

ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच आणि सदस्य. त्यांची मुदत पाच वर्षांची. ग्रामसभा मात्र निवडून येत नाही आणि तिची मुदतही संपत नाही. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तुम्ही १८ वर्षांचे झालात, यादीत नाव आलं, की झालात सदस्य. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेसं कारण नसताना सरपंचाने त्या घेतल्या नाहीत, तर त्याचं पद जाऊ शकतं. गावाचा विकास आराखडा, योजनांचे लाभार्थी, झालेला खर्च, हे सगळं ग्रामसभेपुढे ठेवावं लागतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर विधानसभेत आपला माणूस जातो, ग्रामसभेत आपण स्वतः बसतो.

मग ग्रामसभा रिकामी का असते?

कागदावर इतकी ताकद असूनही अनेक गावांत ग्रामसभेचं चित्र ठरलेलं असतं. पंचायतीसमोर सतरंजी, दोन-चार खुर्च्या, माईक, आणि समोर तीस-चाळीस माणसं. बायका असल्या तर मागे, भिंतीला टेकून.

याचं एक कारण नियमातच आहे. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे ३,००० मतदारांच्या गावात १०० जण आले की सभा वैध. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच नसते!

त्यामुळे पहिल्या सभेला कुणी आलं नाही तरी कुणाचं अडत नाही. दुसऱ्या सभेला आलेली मोजकी माणसं ठराव करू शकतात आणि तो ठराव ‘गावाचा’ म्हणून पुढे जातो.

दुसरं कारण घराशी जोडलेलं आहे. घरातून एक माणूस सभेला गेला की ‘आपल्या घरचं झालं’ असं मानायची पद्धत आहे, आणि तो एक माणूस बहुधा पुरुषच असतो. खरं तर ग्रामसभेत कुटुंबाला एक मत नाही, प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतंत्र स्थान आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. २०११ मध्ये राज्याने पंचायत राज संस्थांमध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. तरीही कित्येक गावांत बाई सरपंच असते आणि कारभार तिचा नवरा पाहतो. लोक त्याला थट्टेनं ‘सरपंचपती’ म्हणतात.

म्हणजे अडचण फक्त पंचायतीच्या ओट्यावर नाही, घराच्या ओट्यावरही आहे. मेंढ्याची गोष्ट इथेच वेगळं वळण घेते.

सुरुवात झाली एका धरणापासून

१९८० च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवर इचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही दोन मोठी धरणं प्रस्तावित होती. त्यात गडचिरोली आणि शेजारच्या बस्तरमधलं मोठं जंगल आणि असंख्य आदिवासी गावं बुडणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे त्यात होते. पुढे हे प्रकल्प बारगळले.

आंदोलनातून एक गोंडी घोषणा गावोगाव पोहोचली: ‘मावा नाटे, मावा राज’. म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य. घोषणा अनेकांनी दिली. मेंढ्यातल्या लोकांनी ती शब्दशः घेतली. आपल्या गावात आपलं राज्य म्हणजे रोज नेमकं काय करायचं, यावर ते बोलू लागले.

त्यात दोन नावं महत्त्वाची. एक गावातलेच देवाजी तोफा. दुसरे चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल. मोहन गावात पुढारी म्हणून आले नाहीत. गाव स्वतः निर्णय कसे घेतं, हे समजून घेणारा अभ्यासक म्हणून आले आणि गावाचे मित्र होऊन राहिले. देवाजी तोफांच्या तोंडची घोषणा पुढे महाराष्ट्रभर गाजली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’.

सुरुवातीची एक घटना गोटुलची. गोटुल म्हणजे गोंड समाजात तरुण मुलामुलींनी एकत्र जमायची, शिकायची पारंपरिक जागा. मेंढ्याने जंगलातलं लाकूड आणून गोटुल बांधला. लाकूड बेकायदा आणलं म्हणून वनखात्याने तो पाडला. गावाने पुन्हा बांधला, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापल्या हद्दीत गोटुल उभे केले. एक गोटुल पाडता आला, सगळीकडचे पाडणं अवघड होतं. गाव एकत्र बसून ठरवतं तेव्हा काय होतं, याचा हा पहिला अनुभव.

मतदान नाही, मग निर्णय कसा होतो?

मेंढ्याच्या ग्रामसभेचा सर्वात वेगळा नियम म्हणजे निर्णय बहुमताने घ्यायचा नाही. सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. तोपर्यंत विरोध करणाऱ्याचं म्हणणं समजून घ्यायचं, त्याला आपलं समजावून सांगायचं. या प्रकाराने कधीकधी महिने जातात.

बहुमतात काय होतं? ६० विरुद्ध ४० झालं की ४० जण हरतात. शहरात हरलेला माणूस घरी जातो आणि विसरतो. गावात मात्र हरलेला आणि जिंकलेला शेजारी राहतात, एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकमेकांच्या लग्नाकार्यात राबतात. हरलेली ४० माणसं मग तो निर्णय पाळत नाहीत किंवा पुढच्या निवडणुकीपर्यंत दबा धरून बसतात. गावात गट पडतात ते असे.

पण सहमती हवी तर आधी माहिती हवी. त्यासाठी मेंढ्यात ‘अभ्यास गट’ चालतो. ज्याला एखादा विषय समजून घ्यायचाय, त्याने तिथे बसायचं. कधी वनकायदा, कधी मध काढायची पद्धत, कधी पंचायतीचे हिशेब. लागलं तर बाहेरून जाणकार बोलवायचा. अभ्यास गट निर्णय घेत नाही, फक्त चर्चा करतो. निर्णय ग्रामसभाच घेते. आणि बाहेरून कुणी संशोधन करायला आला तर त्यालाही आधी ग्रामसभेला सांगावं लागतं की तो काय करणार आहे आणि का.

या दोन गोष्टी, म्हणजे निर्णयापासून वेगळी ठेवलेली चर्चा आणि सगळ्यांची सहमती, हेच मेंढ्याचं खरं तंत्र आहे.

सभेचा घरावर काय परिणाम झाला?

सुरुवातीच्या काळात सभेपुढे आलेला एक कठीण विषय दारूचा होता. गोंड समाजात देवाला दारू लागते, सणाला लागते. पण रोजच्या पिण्याचा जाच घरातल्या बायकांना होत होता. आता विचार करा, ‘घरातून एक माणूस’ या हिशेबाने सभा भरली असती तर हा विषय निघाला असता का? आणि बहुमताने बंदी झाली असती तर ती टिकली असती का?

मेंढ्यात सभेला पुरुषांसोबत बायकांनीही यायचं असं ठरलं होतं. त्यांनी विषय मांडला. पुरुष लगेच राजी झाले नाहीत. चर्चा लांबत गेली. शेवटी पूजेपुरती दारू ठेवून बाकी बंद करायची, यावर सगळे आले. वेळ लागला, पण निर्णय घेणारे पिणारेही होते. त्यामुळे तो पाळायची जबाबदारी त्यांचीही झाली.

घरात जे बोलता येत नव्हतं ते बाईला सभेत बोलता आलं, कारण तिथे ती कुणाची बायको किंवा सून म्हणून बसलेली नव्हती. ग्रामसभेची सदस्य म्हणून बसली होती.

कायद्यानेही हे नातं काही ठिकाणी ओळखलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कुटुंबाला मिळणारा जमिनीचा पट्टा विवाहित असल्यास नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो. वनहक्कांवर निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेत किमान निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. म्हणजे बायका आल्या नाहीत तर सभाच वैध नाही. नेहमीच्या ग्रामसभेपेक्षा ही अट कितीतरी कडक आहे.

मोहन हिराबाई हिरालाल यांचं नावही पाहा. आधी आईचं नाव, मग वडिलांचं, आडनाव नाहीच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं केलं. हे त्यांनी स्वतःपुरतं त्याच्या कितीतरी आधी करून टाकलं होतं.

बांबू: गवत की झाड?

मेंढ्याच्या भोवती दाट बांबूचं जंगल आहे. पण कायद्याने हे जंगल सरकारचं. बांबू तोडायचा ठेका कागद कारखान्याला दिलेला होता. पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्यांना टोपल्या विणायला, कुंपणाला बांबू हवा असेल तर गार्डची मर्जी सांभाळावी लागायची.

वनहक्क कायद्याने चित्र बदललं. गावाने जे जंगल परंपरेने वापरलं आणि राखलं, त्यावर ग्रामसभा ‘सामूहिक वनहक्क’ मागू शकते. मेंढ्याने दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचे हक्क मिळवले. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

कागद मिळाला, पण बांबू विकता येईना. वनखात्याचं म्हणणं होतं की बांबू हे झाड आहे, म्हणजे लाकूड, आणि लाकडावर ग्रामसभेचा हक्क नाही. वनस्पतिशास्त्र म्हणतं की बांबू हे गवत आहे. आणि वनहक्क कायद्यात तर ‘गौण वनोपज’ या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. गावकऱ्यांनी अभ्यास गटात कायदा वाचला होता, त्यामुळे ते मागे हटले नाहीत.

मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवलं की बांबूला गौण वनोपज माना. पुढच्याच महिन्यात परवान्याचं पुस्तक मेंढ्यात पोहोचलं. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली आणि लवकरच ही विक्री एक कोटी रुपयांच्या पुढे गेली. जंगलात मजुरी करणारं गाव आता स्वतः मजुरी ठरवू लागलं.

पुढचं पाऊल: जमीनही गावाची

२०१३ मध्ये मेंढ्याने आणखी एक मोठा निर्णय घेतला, ग्रामदानाचा. ही कल्पना विनोबा भावे यांची. त्यांच्या चळवळीतून महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदान कायदा झाला. यात शेतकरी आपल्या जमिनीची मालकी गावाच्या नावे करतो. जमीन कसतो तोच, पीकही त्याचं, पुढे मुलांनाही तीच कसायला मिळते. पण ती बाहेरच्या माणसाला विकता येत नाही.

मेंढ्याला याची गरज का वाटली? जंगल वाचलं तरी एकेकाची शेती विकली जाऊ शकते. लग्न, आजारपण, कर्ज, अशा वेळी कुटुंब एकटं पडतं आणि जमीन हातची जाते. ग्रामदानात जमिनीचा प्रश्न एका घराचा न राहता गावाचा होतो. अर्थात हे पाऊल सोपं नव्हतं. सातबारावरचं आपलं नाव सोडायला कुणाचं मन सहज धजेल?

हे तुमच्या-आमच्या गावात जमेल?

मेंढ्याची गोष्ट ऐकली की पहिला आक्षेप हाच येतो. तो चुकीचा नाही. मेंढा लहान आहे, तिथे जवळपास सगळे एकाच समाजाचे आहेत, आणि सगळ्यांचं पोट एकाच जंगलावर आहे. पाच हजार लोकवस्तीच्या, अनेक जातींच्या, राजकीय गटातटांच्या गावात एकमताची वाट पाहायची तर पाण्याची टाकीही बांधून होणार नाही. शिवाय जिथे काहींना बोलायचीच भीती आहे तिथे ‘कुणाचा विरोध नाही’ याचा अर्थ ‘सगळे सहमत आहेत’ असा होत नाही.

कायद्याचाही फरक आहे. धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यानुसार ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत, आणि पाडा किंवा टोलासुद्धा स्वतःची वेगळी ग्रामसभा करू शकतो. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे रामटेक किंवा पारशिवनीच्या गावांना पेसा लागू होत नाही. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे लागू आहे.

पण मेंढ्याच्या बाहेरही उदाहरणं आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिथेही बांबूवर ग्रामसभेचा कारभार उभा राहिला. त्या गावाने तेंदूपत्ता तोडणं थांबवायचं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा सोडायचा हा निर्णय गावाने स्वतः घेतला.

दुसरं उदाहरण जंगलापासून खूप दूरचं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं. मे २०२२ मध्ये या गावाने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. रस्ता, नळ, दिवाबत्ती यांच्यापलीकडे, घराच्या उंबरठ्याच्या आतला विषयही गावासमोर येऊ शकतो, हे हेरवाडने दाखवलं.

सदरमध्ये राहून तुम्ही काय करू शकता?

सदर, धरमपेठ किंवा सीताबर्डीत खोली करून राहणाऱ्या अनेकांचं गाव मागे असतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो येतात, त्यावर सगळे चिडतात. पण ग्रामसभेत ते फोटो पोहोचत नाहीत. मग या काही गोष्टी तपासून पाहा.

पहिली, मतदार यादी. तुमचं नाव अजून गावच्या यादीत असेल तर तुम्ही आजही ग्रामसभेचे सदस्य आहात. नाव नागपूरला हलवलं असेल तर सदस्यत्वही गेलं.

दुसरी, सभेची नोटीस. नियमित ग्रामसभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यायची असते, सोबत विषयांची यादी असते. ती मागा आणि ग्रुपवर टाका.

तिसरी, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती खरंच झाली का, की फक्त रजिस्टरवर सह्या झाल्या? हे घरातल्या बायकांनाच विचारा.

चौथी, इतिवृत्त. सभेत झालेलं लिहून ठेवलं जातं. त्याची प्रत ग्रामपंचायतीकडे मागता येते, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. मागच्या सभेत किती लोक होते आणि कोणते ठराव झाले, हे त्यातून कळेल. सभा तहकूब होऊन मोजक्या लोकांत ठराव झाला असेल तर तेही दिसेल.

मेंढ्याविषयी सविस्तर वाचायचं असेल तर मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक आहे. आणि पुढच्या वेळी गावाहून फोन आला, तर पिकापाण्याची चौकशी झाल्यावर एवढं नक्की विचारा: ‘मागच्या ग्रामसभेला आपल्या घरातून कोण-कोण गेलं होतं?’